दिनविशेष : २६ जून
ताटातूट झालेल्या मुलांना आईबापांकडे सोपवण्याचा आदेश (२०१८)

अमेरिकेतील सॅन दिएगोच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी २०१८ मध्ये आजच्या दिवशी सरकारला बजावले : सीमेवर आईबापांपासून तोडलेली पाच वर्षांखालील मुले १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत परत करा, दहा दिवसांत फोनवर बोलणे करून द्या.

खटला कांगोहून आश्रय मागायला आलेल्या एका आईचा होता. ती सॅन दिएगोजवळ स्थानबद्ध, तर तिची चिमुरडी सुमारे दोन हजार मैल दूर शिकागोत. मायलेकींची भेट व्हायला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. त्याच वर्षीच्या वसंतात ट्रम्प सरकारने बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर फौजदारी खटला भरण्याचे धोरण राबवले. पालक कोठडीत आणि मुले निवारागृहांत गेली. २० जूनला अध्यक्षीय आदेशाने ही ताटातूट थांबवली, पण आधीच तुटलेल्या कुटुंबांचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

कैद्यांच्या सामानाची नोंद ठेवणाऱ्या सरकारकडे मुलांचा माग ठेवण्याची व्यवस्था मात्र नव्हती, हे निकालपत्रातले निरीक्षण अंगावर काटा आणते. अडीच हजारांहून अधिक मुले या आदेशाच्या कक्षेत आली. मुदत उलटली तरी शेकडो मुले अडकून राहिली, कारण त्यांच्या पालकांची परत पाठवणी झाली होती. स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते ग्वाटेमाला, होंडुरासच्या खेड्यापाड्यांत दारोदार फिरून त्यांना शोधत राहिले.

डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तडजोडीला मंजुरी देऊन अशा ताटातुटीवर आठ वर्षांसाठी निर्बंध घातले. सीमेचा कायदा राबवताना लेकराला आईपासून तोडणे कोणत्याही सरकारला शोभत नाही.