लग्नगडी ते लाभार्थी

वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दातिवरे आहे. खाडीच्या पलीकडे वसई तालुका आणि अर्नाळ्याचा किल्ला, पाठीशी सफाळ्याचे डोंगर, आणि त्यांच्याही मागे जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरलेला वारली, कातकरी, महादेव कोळी यांचा मुलूख. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला; त्याआधी हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यात मोडत असे. या टापूतील कष्टकऱ्याला गेल्या शतकात किती नावे मिळाली याची मोजदाद करू लागलो तर यादी लांबत जाते : गडी, लग्नगडी, वेठबिगार, वनवासी, आदिवासी, अनुसूचित जमाती, दुर्बल घटक, लाभार्थी. वरवर पाहता हा असभ्यतेकडून सभ्यतेकडे झालेला प्रवास वाटतो. तो तसा आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

‘पोलिटिकली करेक्ट’ भाषेची थट्टा करणे आजकाल सोपे झाले आहे. तो मार्ग येथे घ्यायचा नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या शिवीसारख्या शब्दांनी हाक मारली गेली त्याने सन्मानाचा शब्द मागितला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न वेगळा आहे. शब्द बदलताना त्याच्या पोटातील काय टिकते आणि काय गळून पडते?

‘लग्नगडी’ हा शब्द पाहावा. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, अशी ही पद्धत. कर्ज बहुधा फिटत नसे. शब्द कठोर आहे, अपमानकारकही आहे. परंतु तो खोटा नाही. गडी म्हटले की मालक आलाच. वेठ म्हटले की ती घेणारा आला, कूळ म्हटले की जमिनीचा धनी आला. या जुन्या शब्दांत दोन माणसे उभी असतात आणि त्यांच्यामधला हिशेबही दिसतो. वर्ग ही संकल्पना शेवटी नात्याचीच संकल्पना आहे. एकटा माणूस गरीब असू शकतो. एकट्याचा वर्ग होत नाही.

याउलट शासकीय भाषेची चाल सुरुवातीपासूनच निराळी दिसते. १९३५ च्या कायद्यान्वये डहाणू, मोखाडा, उंबरगाव हे भाग ‘अंशतः वगळलेले’ ठरले. वगळले कोणी आणि कशातून, हे शब्द सांगत नाही. त्याच दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील अशा क्षेत्रांची पाहणी करून वेठ आणि कर्जगुलामी यांचे वर्णन सरकारपुढे ठेवले. अहवालात मालक होता. क्षेत्राच्या नावात तो नव्हता.

नाव कोणी द्यायचे, हा प्रश्न याच काळात मुंबईच्या विधिमंडळात उघडपणे लढवला गेला. जानेवारी १९३८ मध्ये स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्ती विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला, तेव्हा भाऊराव गायकवाड आणि डॉ. आंबेडकर यांनी हरकत घेतली. ती मानली गेली नाही आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. या पक्षाचे नाव होते स्वतंत्र मजूर पक्ष. भाकरी आणि मजुरी यांचे राजकारण करू पाहणारा पक्ष एका शब्दासाठी सभागृह सोडतो, ही घटना आपण पुरेशी मनावर घेत नाही. ‘हरिजन’ हा शब्द कठोर नव्हता. तो अतिशय गोड होता. अस्पृश्याचे देवाशी नाते जोडताना, त्याला अस्पृश्य ठरवणाऱ्याशी असलेले नाते तो पुसून टाकत होता.

आदिवासींच्या बाबतीत हाच पेच वेगळ्या रूपात आला. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या जमातींना मूळनिवासी म्हणणे नाकारले आणि त्यांना ‘मागास हिंदू’ म्हटले. ग्रंथाच्या शीर्षकातच ‘तथाकथित’ असे विशेषण होते. १९५९ च्या आवृत्तीत तोच ग्रंथ ‘अनुसूचित जमाती’ या नावाने आला. दरम्यान संविधान सभेत जयपालसिंग यांनी ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला होता. तर तो शब्द सर्वसाधारण आहे, त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, अनुसूचित जमातींची मात्र यादी असते, असे डॉ. आंबेडकरांचे उत्तर होते. येथे दोघांपैकी एक चूक होता असे मला वाटत नाही. ‘आदि’ म्हटले की नंतर आलेला आपोआप समोर उभा राहतो. त्या शब्दात इतिहास आहे. ‘अनुसूचित’ या शब्दात इतिहास नाही, पण तो घेऊन न्यायालयात जाता येते. ‘वनवासी’ या शब्दात यांपैकी काहीच नाही. तो केवळ पत्ता सांगतो.

प्रत्यक्ष डोंगरात मात्र शब्दांचा निर्णय कृतीने होत होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी पद्धत बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. या लढ्याची कथा गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शीर्षकात वारली नाही, आदिवासी नाही, पीडितही नाही; ‘माणूस’ आहे. परंतु पुस्तकाच्या आत सावकार, जमीनदार, जंगलखात्याचा माणूस हे सारे आपापल्या नावानिशी हजर आहेत. म्हणूनच तो व्यापक शब्द पोकळ होत नाही.

१९७२ सालीच दलित पँथरची स्थापना झाली. पुढील वर्षीच्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दाची कक्षा अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, गरीब शेतकरी, कामगार आणि स्त्रिया इथपर्यंत वाढवण्यात आली. दलित म्हणजे दळला गेलेला. जात्याशिवाय दळणे होत नाही. २०१८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ वापरण्याचा सल्ला माध्यमांना दिला, तेव्हा सभ्यतेच्या नावाखाली नेमके ते जाते दृष्टीआड होत होते.

शब्दावरची लढाई न्यायालयातही झाली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली खरी. परंतु ‘हा वेठबिगार नव्हे, उचल घेतलेला मजूर आहे’ एवढे म्हटले की सुटका होत असे. दातिवऱ्यासमोरच्या वसई तालुक्यात १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झगडावे लागले. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्तीची मजुरी दिसली तर तिच्यामागे उचल किंवा तत्सम देणे आहे असे गृहीत धरावे. तसे नसेल तर ते मालकाने सिद्ध करावे. शब्दाच्या पोटातून गायब झालेला मालक कायद्याने पुन्हा उभा केला.

शब्द बदलल्याने काहीच होत नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पावसाळ्यात उपासमार टाळण्यासाठी घेतलेले धान्य किंवा पैसा म्हणजे खावटी. सावकार ती देई आणि सुगीला व्याजासह वसूल करी. शासनानेही हेच नाव घेऊन ‘खावटी कर्ज’ योजना चालवली. २०२० साली तिचे ‘खावटी अनुदान’ झाले आणि परतफेड संपली. येथे शब्द बदलला, कारण चोपडीतली नोंद बदलली. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे; जातीचे नाव पत्त्यात कोणालाही वागवावे लागू नये. पण समता नावात आली म्हणून सातबाऱ्यावर येत नाही.

तेव्हा कसोटी शब्दाच्या गोडव्याची वा कडवटपणाची नाही. शब्दात दुसरा पक्ष उरतो का, एवढेच विचारावे. ‘दुर्बल घटक’ म्हणताना दुर्बलता जणू जन्मजात ठरते. ‘लाभार्थी’ म्हणताना हक्क मागणारा घेणेकरी होतो आणि देणारा दाता. या शब्दांत वाक्य रचले की ते कर्त्याशिवाय पूर्ण होते, आणि कर्ता नसलेल्या वाक्यात वाद घालायचा तरी कोणाशी?

आम्हा मराठीच्या अध्यापकांना हे उत्तरपत्रिकांत दिसते. परुळेकरांच्या पुस्तकावर विद्यार्थी लिहितात : “दुर्बल घटकांवर अन्याय झाला.” वाक्य शुद्ध आहे, भावना चांगली आहे, आणि गुण द्यायला हरकत नाही. समासात मात्र एक प्रश्न लिहावासा वाटतो : कोणी केला?