दाराशी धरणे

दंडसंहितेतली कलमे कोरडी असतात, पण त्यांच्याखाली छापलेल्या उदाहरणांत माणसे भेटतात. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतले कलम ५०८ घ्या. त्याखालच्या पहिल्या उदाहरणात एक जण दुसऱ्याच्या दाराशी धरणे धरून बसतो. आपण असे बसल्याने घरमालकावर देवाचा कोप होईल, असे लोकांना वाटावे हा त्याचा हेतू. म्हणून तो गुन्हेगार. दुसऱ्या उदाहरणात एक जण धमकी देतो, की माझे म्हणणे ऐकले नाहीस तर मी माझेच मूल मारीन आणि त्याचे पाप तुझ्या माथी बसेल. दोन्हींना एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

साताऱ्याच्या कोर्टात माझी हयात गेली. या कलमाखाली एकही खटला माझ्या हातून गेला नाही. मात्र "वकीलसाहेब, त्याच्या घरासमोर जाऊन बसलो तर चालेल का?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या माणसांनी विचारला आहे. कुणाची ग्रॅच्युइटी अडकलेली, कुणाची ठेव बुडालेली, कुणाची जमीन गेलेली. त्यांना एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण उत्तराच्या मागे दोनशे वर्षे उभी आहेत आणि त्यांची सुरुवात आपल्याच मुलखात होते.

पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ साली कलकत्त्याला पाठवला. न्यायाची व्यवस्था सांगताना त्याने तकाज्याचे, म्हणजे देणे वसूल करण्यासाठी लावलेल्या तगाद्याचे, वर्णन केले आहे. देणेकरी बरोबरीचा किंवा खालचा असेल, तर सावकार त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. प्रसंगी डोक्यावर धोंडा देऊन एका पायावर उभे करी. देणेकरी वरचढ असला की हाच सावकार हात जोडी. त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, वाटेत लोळण घेई, दारात ओरडा करी, नाहीतर उपाशी बसून राही. तो उपाशी असेतो घरातल्यानेही जेवायचे नाही, असा दंडक होता. मागणी रास्त असेल तर दारात बसलेल्याला हुसकावणे कमीपणाचे मानले जाई.

या तगाद्यातून मोठमोठेही सुटले नाहीत. थोरल्या बाजीरावाने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिले होते, की सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाचे कातडे झिजून गेले. हा दिल्लीवर धडक मारणारा माणूस. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडणाऱ्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत लिहून ठेवले आहे, की पगार तुंबलेले शिपाई सरदारांच्या आणि कारभाऱ्यांच्या राहुट्यांशी धरणे धरीत. तक्रार करायला कचेरी नव्हती. जी काही दाद मागायची ती दारातच.

बनारसकडे याचे रूप आणखी उग्र होते. तिथला ब्राह्मण विष किंवा खंजीर घेऊन दाराशी बसे. कुणी हात लावला किंवा ओलांडून जायचा प्रयत्न केला, तर जीव देईन म्हणे. कंपनीचा अधिकारी सर जॉन शोअर याने याचे वर्णन केले आहे. ब्रह्महत्येच्या भीतीने घरमालक आतच कोंडला जाई. कंपनी सरकारने बनारस प्रांतासाठी १७९५ साली या प्रकारांविरुद्ध नियम केला. पुढे मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा तयार केला, तो १८६० साली कायदा झाला, आणि कलम ५०८ आले.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या कलमात एक खोच आहे. ते बसण्याला शिक्षा देत नाही. देवाच्या कोपाची भीती घालून समोरच्याकडून काही करवून घेण्याला शिक्षा देते. दैवी भीती वजा केली की दारात बसलेला माणूस उरतो, आणि त्याच्याबद्दल हे कलम काही बोलत नाही.

विसाव्या शतकात देव बाजूला झाला आणि राजकारण आले. असहकाराच्या दिवसांत कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी जुने धरणे उकरून काढले. परीक्षेला किंवा वर्गाला जाणाऱ्यांच्या वाटेत ते आडवे पडले, म्हणजे जायचेच तर आमच्या अंगावरून जा. फेब्रुवारी १९२१मध्ये 'यंग इंडिया'त गांधींनी याला सरळ रानटीपणा म्हटले. दुसऱ्याची वाट अडवणे हा सत्याग्रह नव्हे, ही त्यांची भूमिका होती. १९३१च्या गांधी-आयर्विन करारात शांततामय निरोधनाला, म्हणजे पिकेटिंगला, मुभा मिळाली. पण जबरदस्ती नाही, दमदाटी नाही, अटकाव नाही, रहदारीला अडथळा नाही, या अटींवर. दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहणाऱ्यांना या अटी पाठ असत.

करार मोडला, आणि १९३२च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात सातवे कलम आले. एखाद्याने आपल्या हक्काची गोष्ट करू नये म्हणून तो राहतो किंवा काम करतो त्या जागेपाशी घुटमळणे हासुद्धा गुन्हा झाला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद. काँग्रेसवाल्यांनी या कायद्याचा चटका सोसला होता. पण १९३८ साली मद्रास प्रांतात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी शाळांत हिंदी सक्तीची केल्यावर हिंदीविरोधक त्यांच्याच घरासमोर निदर्शने करू लागले, तेव्हा काँग्रेस सरकारने हेच सातवे कलम त्यांच्यावर लावले. त्या आंदोलनात हजाराहून अधिक जण तुरुंगात गेले. कालपर्यंत दुसऱ्याच्या दारात उभे राहणाऱ्यांना आपल्या दारात कुणी आलेले चालले नाही. असे आजवर सगळ्याच पक्षांचे झाले आहे.

१९५०च्या राज्यघटनेने शांततेने, नि:शस्त्र जमण्याचा हक्क दिला, सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधनांची सोय ठेवून. १९६७ साली बंगालमध्ये कामगारांच्या घेरावांना ऊत आला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितले, की माणसाला कोंडून ठेवणे हे कामगारांच्या हक्कात बसत नाही. तो गुन्हाच आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीच्या जंतरमंतरचा प्रश्न आला. तिथे राहणाऱ्यांना लाउडस्पीकरचा रात्रंदिवस जाच होत होता. न्यायालयाने दोन्ही पारडी मान्य केली. निदर्शनांवर सरसकट बंदी नको, आणि रहिवाशांची झोपही मोडायला नको. पोलिसांनी नियम करावेत.

महाराष्ट्रात २०२२च्या एप्रिलमध्ये हा प्रश्न एकाच महिन्यात दोनदा घराच्या फाटकाशी आला. ८ तारखेला संपावरच्या एसटी कर्मचाऱ्यांचा जमाव मुंबईत शरद पवारांच्या 'सिल्व्हर ओक'वर चालून गेला. दगड आणि चपला पडल्या, शंभराहून अधिक जण अटकेत गेले. दोन आठवड्यांनी खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या 'मातोश्री'समोर हनुमान चालिसा म्हणण्याची घोषणा केली, तिथे पोहोचण्याआधीच त्यांना अटक झाली आणि राजद्रोहाचे कलमही लागले. दुसऱ्याच्या घराशी जाऊन धार्मिक पठण करण्याची घोषणा हे त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर अतिक्रमण आहे, असे मत उच्च न्यायालयाने नोंदवले. जामीन देताना सत्र न्यायालयाने मात्र, बोलणे आक्षेपार्ह असले तरी तो राजद्रोह होत नाही, असे म्हटले.

आता माझ्या अशिलांकडे येतो. एका बुडीत पतसंस्थेचे ठेवीदार अध्यक्षाच्या बंगल्यासमोर बसले, तेव्हा मी तिथे गेलो होतो. बहुतेक साठी ओलांडलेले. बायकांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत पासबुके. एक आजी गाडी आत घेण्याच्या उतारावर बसल्या होत्या. मी त्यांना उठवून फाटकाच्या बाजूला, भिंतीकडेला बसवले. "त्याची गाडी निघू द्यायची का?" त्या रागाने म्हणाल्या. म्हटलं, "निघू द्या, आजी. गाडी अडवली की आपली केस उलटी होते." शेजारच्या घरातून पाण्याची कळशी आली. पोलीस ठाण्याचा हवालदार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ची नोटीस घेऊन आला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. संध्याकाळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३)चा जमावबंदीचा मनाई आदेश दाखवून त्यांना गाडीत बसवले आणि ठाण्यात नावे लिहून सोडून दिले. घोषणांत अध्यक्षाच्या बायको-मुलांचे नाव आले नाही, याची खबरदारी मंडळींनी स्वतःहून घेतली होती. अध्यक्ष पूर्ण दिवस घरात होते, बाहेर आले नाहीत. आतमध्ये ते जेवले असावेत.

एल्फिन्स्टनच्या काळात आणि आजच्यात मोठा फरक हाच. तेव्हा दारात कुणी उपाशी असताना आत जेवता येत नसे, आज येते. आतल्याची लाज हीच जुन्या धरण्याची ताकद होती. ती कायद्याने पुरवता येत नाही. त्या ठेवीदारांसाठी आम्ही पुढे ठेवीदार संरक्षणाच्या १९९९च्या राज्य कायद्याखाली अर्ज केला. दार सोडून कचेरीकडे वळायचा रस्ता तोच होता.

देवाच्या कोपाचे उदाहरण अजून कायद्यात आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५४ म्हणून आले. बाकी घरासमोर बसायला सरसकट मनाई करणारे कलम नव्या संहितेतही नाही. जमावबंदी असेल तर ती मोडू नका. फाटक, रस्ता, गाडी अडवू नका. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका. भोंगा लावू नका. घरातल्या बायका-मुलांना ओढू नका. मागणी लेखी द्या आणि पोलिसांची पोच जपून ठेवा. एवढे पाळून कुणी माझ्या दारात येऊन बसले, तर मी तक्रार करणार नाही, आणि तुम्हीही करू नये.