व्हीआरएफमधला ‘व्ही’

नेटवर्कच्या कामात ‘व्हीआरएफ’, म्हणजे एकाच राउटरमध्ये वेगळं ठेवलेलं मार्गांचं टेबल, दिवसभर तोंडी असतो. ‘हा रूट कुठल्या व्हीआरएफमध्ये दिसतोय?’ हा तर रोजचाच प्रश्न. त्यातला रूटिंग आणि फॉरवर्डिंगचा भाग सगळे सारखाच उलगडतात. ‘व्ही’चं तसं नाही. 2006 च्या आरएफसी 4364 या मानकात तो ‘व्हीपीएन’चा ‘व्ही’ आहे. उपकरणांच्या पुस्तिकांत तो ‘व्हर्च्युअल’ झाला आणि मराठीत ‘आभासी’.

हा ‘आभासी’ मला खटकतो. आभास म्हणजे नसलेलं असल्यासारखं वाटणं. तर्कशास्त्रातला हेत्वाभास हा हेतूसारखा दिसतो, पण खरा हेतू नसतो. ‘व्हर्च्युअल’ची जातकुळी निराळी आहे. लॅटिन ‘विर्’ म्हणजे पुरुष. आपला ‘वीर’ त्याच कुळातला. ‘विर्’पासून ‘विर्तुस’, म्हणजे अंगचं सामर्थ्य, आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘विर्तुआलिस’, म्हणजे परिणाम घडवण्याचं बळ असलेलं. पुढे अर्थ सरकला तो असा: रूपाने नसेल, पण परिणामाने आहे.

व्हीआरएफ परिणामाने पुरता खरा असतो. समजा, एकाच सेवादात्याकडे एक बँक आहे आणि एक कारखाना. दोघांनीही आतल्या यंत्रांना 10.1.1.0/24 हाच पट्टा दिलाय. यात कुणाचंच चुकलेलं नाही, कारण 10 ने सुरू होणारे पत्ते 1996 च्या आरएफसी 1918 ने कुणालाही खासगी वापरासाठी मोकळे ठेवलेत. मग राउटर दोघांची रूटिंग टेबलं वेगळी ठेवतो. पॅकेट कुठल्या इंटरफेसवर आलं, त्यावरून कुठलं टेबल बघायचं ते ठरतं. पलीकडच्या राउटरला रूट कळवताना चार बाइटच्या पत्त्यापुढे आठ बाइटचा ‘रूट डिस्टिंग्विशर’ जोडला जातो, म्हणजे सारखे पत्ते वेगळे ओळखू येतात. कुठला रूट कुठल्या टेबलात घ्यायचा, ते ‘रूट टार्गेट’ सांगतो. बँकेचं पॅकेट कारखान्याकडे जात नाही, कारण बँकेच्या टेबलात तिकडची वाटच नसते. याला आभास कसं म्हणायचं?

मग ‘आभासी’ऐवजी काय? मराठीत ‘सवता सुभा’ आहे. सुभा म्हणजे प्रांत, मोगली कारभारातून आलेला शब्द. व्हीआरएफने आखलेल्या हद्दीला, म्हणजे ‘डोमेन’ला, तो नेमका बसतो. सवता सुभा मांडण्यात भांडणाची छटा आहे खरी, आणि इथे तर सवतेपणा एकाच राउटरवर बिनतक्रार नांदण्यासाठी आहे. तरीही ‘आभासी डोमेन’पेक्षा ‘मार्गांचा सवता सुभा’ मला कितीतरी खरा वाटतो.