बग मोजणारं बेट

५,०७,६०,००,०००.

१८८३ साली सायप्रस बेटावर टोळांनी जमिनीत अंड्यांचे किती कोष घातले असतील, याचा तेव्हा केलेला हा अंदाज. पाच अब्ज, सात कोटी, साठ लाख. पाच अब्ज एक वेळ समजू शकतो हो. पण वरचे साठ लाख? ते कोणी मोजले? :)

टर टोळांच्या आकड्यांवर हसण्याआधी सायप्रस कुठे आहे ते बघून घेऊ. भूमध्य समुद्राच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या खाली आणि सीरिया-लेबननच्या पश्चिमेला हे बेट आहे. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर. आफ्रिकेतून युरोपात जाणारे आणि हिवाळ्याआधी परत फिरणारे पक्षी इथे दम खायला उतरतात. ह्या मुक्कामाच्या जागेवर राज्य मात्र सतत कोणा ना कोणा बाहेरच्याचं. १४८९ पासून व्हेनिसचं, १५७१ पासून ऑटोमन तुर्कांचं, १८७८ पासून इंग्रजांचं. स्वातंत्र्य मिळालं १९६० मध्ये. आणि प्रत्येकाने इथे काहीतरी उडणारं मोजलंय. का मोजलं, त्याची कारणं मात्र फार वेगवेगळी आहेत, आणि गंमत (आणि थोडी भीतीही) तिथेच आहे.

आधी टोळ. एकोणिसाव्या शतकात सायप्रसच्या शेतकऱ्याला दुष्काळापेक्षा टोळाची धास्ती जास्त असावी अशी परिस्थिती होती. टोळाची मादी कडक जमिनीत भोक पाडून अंड्यांचा छोटा कोष पुरते, वसंतात त्यातून बिनपंखी पिल्लं निघतात आणि पंख फुटेपर्यंत जमिनीवरून फौजेसारखी चालत सुटतात. वाटेत जे हिरवं असेल ते साफ. तुर्की अमलातच लोकांना अंडी गोळा करून द्यायची सक्ती होती. इंग्रजांनीही तेच पुढे चालवलं. १८८१ च्या ऑक्टोबरअखेर १६० कोटी कोष गोळा करून नष्ट केले होते, आणि हंगाम संपेपर्यंत एकूण वजन भरलं १,३०० टनांवर.

आता ह्या दोन आकड्यांचा भागाकार करून बघा. तारखा तंतोतंत जुळत नाहीत, पण एका कोशाचं वजन साधारण पाऊण ते एक ग्रॅम येतं. बहुतेक गुपित इथेच आहे. १६० कोटी वस्तू कोणी एकेक करून मोजत नाही. मूठभर मोजायच्या, वजन करायचं आणि बाकीचा तराजू. किराणा दुकानदाराला हे कळतं. आकडा मात्र कागदावर असा उतरतो की जणू कारकुनाने प्रत्येक कोशावर टिकमार्क केलीय. पुढे १८८३ च्या अंदाजात ते साठ लाख येतात ते ह्याच वाटेने, असं मला वाटतं. गुणाकारातून आलेले आकडे नेहमीच असे रुबाबदार दिसतात. ऑफिसात प्रोजेक्टचं एस्टिमेट '४१७ तास' असं देणारे मॅनेजर आठवून बघा.

आणि एवढी अंडी मारूनही टोळ हटले नाहीत. उलट दोन वर्षांनी पाच अब्जांचा अंदाज! शेवटी कामाला आली एक साधी युक्ती. रिचर्ड मातेई नावाचा इटालियन वंशाचा एक मोठा जमीनदार बेटावर होता. त्याने बघितलं की टोळाची पिल्लं खरखरीत कशावरही चढतात, पण गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरतात. मग त्याने चालत्या फौजेच्या वाटेत कापडाचे लांबच लांब पडदे उभे केले आणि पडद्याच्या वरच्या कडेला मेणकापडाची पट्टी शिवली. पिल्लू चढतं, पट्टीवरून घसरतं, पुन्हा चढतं, पुन्हा घसरतं, मग कंटाळून पडद्याच्या कडेकडेने चालायला लागतं. तिथे ठराविक अंतरावर खड्डे खणलेले. खड्ड्याच्या तोंडाला जस्ताचा पत्रा, म्हणजे पडलेला वर येऊ नये. बस्स. ना विष, ना यंत्र. तुर्कांच्या काळातच ही पद्धत वापरात आली होती. इंग्रजांच्या राज्यात सॅम्युअल ब्राउन नावाच्या सरकारी इंजिनियरने ती मैलोन्मैल पडदे लावून राबवली (आपल्या जातीचा माणूस!), आणि १८८६ च्या आसपास टोळांचा जोर मोडला. 'सायप्रस पद्धत' म्हणून तिचं नाव बाहेरही झालं.

ह्या सगळ्या मोजणीत एक मेख आहे. आकडा वाढतोय म्हणजे काम चांगलं चाललंय, की टोळ वाढलेत? १,३०० टन अंडी मारली हे यश, की १,३०० टन अंडी होती हे अपयश? मेलेले मोजले की हे कळत नाही. महिन्याला किती बग क्लोज केले यावर टीमची पाठ थोपटणाऱ्या कंपन्यांना हे अजूनही कळलेलं नाही. असो.

साठ वर्षांनी त्याच बेटावर एका माणसाने मोजणी उलटी केली, आणि मला ह्या सगळ्या गोष्टीत तो सगळ्यात जास्त आवडतो.

मेहमेत अझीझ. तुर्की सायप्रियट, आरोग्य खात्यातला मुख्य निरीक्षक. डॉक्टर नव्हे. १९१३ साली सर रोनाल्ड रॉस मलेरियाचा अभ्यास करायला सायप्रसला आले होते. हे तेच रॉस, अल्मोड्यात जन्मलेले, ज्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. त्यांच्याबरोबर अझीझने काम केलं आणि डास त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. सायप्रसमध्ये तेव्हा मलेरिया घरोघरी होता.

१९४६ मध्ये अझीझला वसाहत खात्याचे पैसे मिळाले आणि डीडीटीही हाताशी होतं. त्याने अख्ख्या बेटाचा नकाशा घेतला आणि त्याचे ५०० चौकोन पाडले. का ५००? कारण एक चौकोन एका माणसाला १२ दिवसांत पूर्ण पायाखाली घालता आला पाहिजे. भागाकार केला तर सरासरी साडेअठरा चौरस किलोमीटर येतात. अळीचा डास होऊन उडायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात. म्हणजे तुमची फेरी त्याआधी संपली पाहिजे, नाहीतर तुम्ही पुढच्या ओढ्यावर असताना मागच्या ओढ्यातले डास भुर्रकन उडून जाणार. मग त्याची माणसं निघाली. विहिरी, डबकी, ओढे, दलदल. गुरांच्या खुरांच्या ठशांत पावसाचं पाणी साठतं ना, तेवढंसुद्धा सोडलं नाही.

ब्राउनच्या मोजणीत आकडा मोठा होत होता. अझीझच्या मोजणीला जायचं होतं शून्याकडे. आणि शून्य मोजणं हे महाकठीण काम आहे. शंभर डास आहेत हे दाखवायला शंभर डास पुरतात. एकही नाही हे दाखवायला प्रत्येक खुराचा ठसा बघावा लागतो, आणि बघितलेला पुन्हा बघावा लागतो. आमच्या धंद्यात बग सापडला हे सिद्ध करणं सोपं, बग नाहीच हे सिद्ध करता करता आयुष्य जातं, तसंच. ३ वर्षं हा उद्योग चालला आणि १९५० उजाडेपर्यंत सायप्रस मलेरियातून सुटलं. जगात हे करणाऱ्या अगदी पहिल्या देशांपैकी एक.

(डीडीटीने बाकी काय काय मेलं असेल, हा प्रश्न आज आपण लगेच विचारतो. रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं १९६२ मध्ये. अझीझच्या मोहिमेत यश-अपयश ठरत होतं ते डासावर. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला दुसरा कुठलाही रकाना महत्त्वाचा वाटला नसता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.)

आता पक्षी. त्यांची मोजणी सगळ्यात जुनी, आणि ती बरण्यांत होत होती. व्हेनिसच्या राज्यात सायप्रसचे लोक द्राक्षमळ्यांत उतरणारे छोटे पक्षी पकडून व्हिनेगरमध्ये मुरवायचे आणि भरण्या भरून व्हेनिसला पाठवायचे. ह्या पक्ष्यांना ग्रीकमध्ये 'आंबेलोपूलिया' म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीवरची पाखरं. मुख्य बळी ब्लॅककॅप : चिमणीएवढा वटवट्या, नराच्या डोक्यावर काळी टोपी. शरद ऋतूत अंजिरं-द्राक्षं खाऊन गुबगुबीत होतो, कारण पुढे समुद्र आणि वाळवंट पार करायचं असतं. त्याला पकडायचं ते चिकट काड्यांनी. आणि तो चिकट पदार्थ कशाचा, तर भोकराच्या जातीच्या फळांचा! आपल्याकडे ज्याचं लोणचं घालतात, ज्याच्या बलकाने बोटं चिकटून बसतात, त्याच कुळातलं झाड. फळं उकळायची, काड्या बुडवायच्या, झाडात खोचून ठेवायच्या. पक्षी बसला की संपला.

गरीब शेतकऱ्याच्या घरात वर्षातून काही दिवस मिळणारं मांस, इथपर्यंत मी तरी कोणाला नावं ठेवणार नाही. पण पुढे नायलॉनची बारीक जाळी आली, हॉटेलं आली, आणि डझनाची प्लेट ४० ते ८० युरोंना जायला लागली. १९७४ मध्ये कायद्याने बंदी झाली. ती कागदावर राहिली. पक्ष्यांचं नशीब म्हणजे सापळ्यांचा सगळ्यात मोठा अड्डा भरला ब्रिटिशांच्या लष्करी तळावर. स्वातंत्र्य देताना इंग्रजांनी बेटाचे दोन तुकडे स्वतःकडे ठेवले, त्यातला एक ढेकेलिया. तिथल्या पायला भूशिरावर, तोफखान्याच्या सरावाच्या जागेत, पारध्यांनी ऑस्ट्रेलियन अकेशियाची (आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीची ही चुलत बहीण) अख्खी बनं वाढवली. नळ टाकून पाणी घातलं. झाडांच्या मधल्या पट्ट्यात जाळी ताणायची, रात्रभर स्पीकरवर ब्लॅककॅपचं गाणं लावायचं आणि पहाटे खडे मारून पक्षी जाळ्यात हाकायचे.

अशा ठिकाणी मरणारे पक्षी मोजायचे कसे? पारधी काही रजिस्टर ठेवत नाही. २००२ पासून बेटावरच्या पक्षीमित्रांनी (२००३ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन त्यांची 'बर्डलाइफ सायप्रस' झाली) वेगळाच मार्ग धरला : पक्षी नाही, जाळी मोजायची. नकाशावर चौरस किलोमीटरचे चौकोन, त्यातले काही चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, आणि त्यात फिरून बघायचं. झुडपांत साफ केलेला पट्टा आहे का, खांब आहेत का, जाळं आत्ता लावलेलं आहे की काढून ठेवलंय. मग जाळ्यांची लांबी, आणि त्यावरून पक्ष्यांचा अंदाज. सोबत पोलीस, कारण पारधी हाणामारीला कमी करत नाहीत. अझीझचे चौकोन पन्नासेक वर्षांनी परत आले, फक्त आता सगळे चौकोन बघायला माणसं नव्हती, म्हणून नमुना.

ह्या अंदाजातही गुणाकार आहेच. २०१६ च्या शरद ऋतूत एकट्या ब्रिटिश हद्दीत ८ लाखांहून जास्त पक्षी मेल्याचा आकडा आला, तेव्हा त्यातही ब्राउनसाहेबाचे साठ लाख शोधणारे निघतीलच. पण फरक असा की इथे दरवर्षी तीच पद्धत वापरली जाते. आठ लाखांत लाखभर इकडेतिकडे असतील, पण पुढच्या वर्षी तीच फूटपट्टी लावली तर बदल खरा दिसतो. तो दिसलाही. छुपे कॅमेरे लावले, माणसं पकडली, शिक्षा झाल्या, आणि २०१७ मध्ये आकडा २ लाख ६० हजारांवर आला. अकेशिया तोडायला गेलेल्या सैनिकांची वाट २०१६ मध्ये गावकऱ्यांनी अडवली होती, तरीही. १,३०० टनांच्या आकड्याला जे सांगता आलं नाही, ते ह्या आकड्याने सांगितलं.

मग डिसेंबर २०२० मध्ये सायप्रसच्या संसदेने कायदा सैल केला. १४ जातींचे ५० पर्यंत पक्षी सापडले तर दंड २०० युरो. वर दिलेला प्लेटचा भाव घेऊन हिशोब करा. हा दंड कसला, हा धंद्याचा खर्च झाला. अठरा वर्षं उन्हातान्हात जाळी मोजणाऱ्यांना काय वाटलं असेल!

आणि कीटक? मलेरिया गेल्यावर सायप्रसच्या कीटकांच्या बातम्या होण्याचं कारणच उरलं नव्हतं. २०१९ च्या वसंतात इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे संशोधक बेटाच्या ईशान्येच्या टोकाला, कार्पास द्वीपकल्पावर जाऊन उभे राहिले. नकाशात हे टोक सीरियाकडे बोट दाखवल्यासारखं दिसतं. समुद्रावरून कीटक येत होते. फुलपाखरं, चतुर, मधमाश्या, आणि सगळ्यात जास्त माश्या. मध्यपूर्वेतून युरोपकडे. त्या एका हंगामात तिथून गेलेल्या कीटकांचा अंदाज निघाला ३ कोटी ९० लाख. ह्यांना कोणी मारायला आलं नव्हतं, खायलाही नाही. किती आहेत एवढंच बघायचं होतं.

अर्थात हा एका वसंताचा आकडा आहे, आणि तो वसंत पेंटेड लेडी फुलपाखरांच्या लोंढ्यांमुळे आधीच वेगळा होता. जाळ्यांच्या मोजणीसारखी वीस वर्षांची रांग त्याच्यामागे नाही. पण ऐन भरात त्यांनी मोजलेला वेग होता मिनिटाला, एका मीटर रुंदीत, जवळजवळ ६,००० कीटक. मातेईसारखा ५० मीटरचा पडदा त्या किनाऱ्यावर ताणला असता, तर त्याच्या मेणकापडावरून मिनिटाला ३ लाख कीटक सहज उडून गेले असते.