व्हर्जिनिया सिटी (नेव्हाडा)

व्हर्जिनिया सिटी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा राज्याच्या स्टोरी परगण्याचे मुख्य ठिकाण आणि एकोणिसाव्या शतकातील चांदीच्या खाणींचे प्रसिद्ध गाव. लोकसंख्या सु. ८००. रेनोच्या आग्नेयीस सु. ४० किमी. अंतरावर, मौंट डेव्हिडसनच्या पूर्व उतारावर ते सस.पासून सु. १,८७५ मी. उंचीवर वसले आहे. भरभराटीच्या काळात, १८७० च्या दशकाच्या मध्यास, शेजारच्या गोल्ड हिलसह येथील वस्ती सु. २५,००० होती.

इतिहास : १८५९ मध्ये पीटर ओरायली व पॅट्रिक मॅक्लॉक्लिन हे दोघे येथे सोने धूत असता एक चिकट, निळसर काळी माती त्यांच्या कामात सारखी आडवी येई. ती ते वैतागून फेकून देत. तपासणीत ती चांदीने समृद्ध असलेले धातुक निघाली. जागेवर हक्क सांगत पुढे आलेल्या हेन्री कॉमस्टॉकचे नाव या धातुशिरेला मिळाले. १८७३ मध्ये कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत प्रचंड साठा लागला. २६ ऑक्टोबर १८७५ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, पण खाणींच्या जोरावर तो लगेच पुन्हा उभा राहिला. मार्क ट्वेन हे टोपणनाव सॅम्युएल क्लेमेन्सने १८६३ मध्ये येथील टेरिटोरियल एंटरप्राइझ या पत्रात प्रथम वापरले.

खाणकाम : शिरा रुंद आणि खडक ठिसूळ असल्याने साध्या टेकूंवर छत तगत नसे. १८६० मध्ये फिलिप डाइडेसहायमर याने ओफीर खाणीत जाड लाकडांच्या चौकोनी चौकटी एकमेकींत खोबणीने बसवून, मधाच्या पोळ्यासारख्या एकावर एक चढवण्याची पद्धत काढली. त्यासाठी लेक टाहोभोवतीची जंगले तोडली गेली. छत तरले, पण जमिनीखाली लाकडाचे रान उभे राहिले. ७ एप्रिल १८६९ रोजी गोल्ड हिलच्या यलो जॅकेट खाणीत ते पेटले. धूर लगतच्या केंटक व क्राउन पॉइंट खाणींत शिरला आणि किमान ३५ खाणकामगार दगावले.

कामगारांचे जीवन : कामगारांत आयरिश व कॉर्निश लोकांचा मोठा भरणा होता. पिंजऱ्यातून खाली उतरलेला माणूस मेणबत्तीच्या उजेडात पहारीने भोके पाडून सुरुंग भरी. पुढे दाबलेल्या हवेवरची छिद्रयंत्रे व डायनामाइट आले. उंदरांना कोणी मारत नसे. ते उष्टे-खरकटे खाऊन टाकत, शिवाय खडक सरकू लागला की त्यांची धावपळ आधी दिसे.

मोठा शत्रू उष्णता. खाण जसजशी खोल जाई तसतसा खडक तापलेला लागे. सु. ९०० मी. खोलीवर फुटलेले पाणी ७७° से. इतके कढत होते. माणसे लंगोट, टोपी आणि बूट एवढ्यावरच काम करत. काही ठिकाणी थोडा वेळ टिकाव चालवून बर्फाच्या पाण्याजवळ बराच वेळ बसावे लागे. १८७८ च्या सुमारास कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया व कॅलिफोर्निया खाणींत दर माणसामागे रोज सु. ४३ किग्रॅ. बर्फ खपे. पाळी सुटल्यावर घामाने निथळलेला कामगार हिवाळ्यात थेट डोंगरवाऱ्यात निघे, म्हणून कूपकाच्या तोंडाशी कपडे बदलण्याच्या खोल्या बांधाव्या लागल्या.

या श्रमाचा मोबदला मात्र त्या काळच्या मानाने भरघोस होता. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या खाणकामगार संघटनेने जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येकाला, तो कसबी असो वा नुसता फावडे मारणारा, दिवसाला चार डॉलर हा एकच दर टिकवून धरला. आठ तासांची पाळीही रूढ झाली. ही समता सर्वांसाठी नव्हती. चिनी मजुरांना खाणीत थारा नव्हता. १८६९ मध्ये संघटनेने मोर्चा काढून त्यांना गावाच्या हद्दीतील रेल्वेच्या कामावरूनही हटवले. त्यांच्या वाट्याला धुलाई, स्वयंपाक व सरपण विकणे आले. पश्चिमेकडील अनेक खाणवस्त्यांतील संघटनांनी येथील नियमावलीचा कित्ता गिरवला.

पाण्याचा निचरा व हवा यांसाठी अडॉल्फ सुट्रो याने सु. ६.२ किमी. लांबीचा बोगदा योजला. यलो जॅकेटच्या आगीनंतर खाणकामगार संघटनेने त्यात ५०,००० डॉलर घातले. १८६९ मध्ये सुरू झालेला बोगदा १८७८ मध्ये खाणींना मिळाला, तोवर काम त्याच्याही खाली गेले होते.

ऱ्हास : १८७० च्या दशकाच्या अखेरीस समृद्ध धातुक संपत आले. दरम्यान नेव्हाडातील वाढते उत्पादन आणि जर्मनीसारख्या देशांनी चांदीचे चलन सोडणे यांमुळे जगात चांदीचा भाव घसरत गेला. त्याची झळ भारताच्या चांदीच्या रुपयालाही बसली आणि १८९३ मध्ये मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळींत लोकांनी आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणे सरकारने बंद केले.

१९६१ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. जुन्या इमारती, फोर्थ वॉर्ड स्कूल, पायपर्स ऑपेरा हाउस व पर्यटकांसाठी चालणारी आगगाडी ही आजची आकर्षणे होत. चोलर खाणीच्या उथळ भागातून पाहुण्यांना हिंडवले जाते. बर्फाशिवाय जेथे माणूस टिकत नसे, ते खालचे मजले पाण्याने भरले आहेत.