निकोलसची नाव

पुरेशा मोठ्या मोजपट्टीवर पाहिलं तर विश्व सगळीकडे सारखंच आहे, या गृहीतकाचं श्रेय सर्रास कोपर्निकसला दिलं जातं. मला हे कधीच पटलेलं नाही. 1543 मध्ये त्याने पृथ्वीला मधून उठवलं खरं, पण तिथे सूर्याला बसवलं आणि बाहेरचा ताऱ्यांचा गोल तसाच ठेवला. मध्य आहे, कड आहे. मग सारखेपणा कुठला?

माझ्या मते मूळपुरुष त्याच्याही शंभर वर्षं आधीचा: क्युसाचा निकोलस, जर्मन धर्मपंडित. मध्ययुगीन युरोपात देवाची एक व्याख्या फिरत होती: ज्याचं केंद्र सर्वत्र आणि परीघ कुठेच नाही असा गोल. 1440 मध्ये निकोलसने आपल्या ग्रंथात ती देवावरून उचलून विश्वाला लावली! ग्रंथाचा मूळ विचार ग्रीसकडून परतताना समुद्रावर सुचला, असं तोच सांगतो. ग्रंथातही नाव आहेच. प्रवाहाच्या मधोमध काठ दिसेनासे झाले, तर नाव चालली आहे हे आतल्याला कळावं कसं? तसाच पृथ्वीवरचा, सूर्यावरचा किंवा आणखी कुठल्या ताऱ्यावरचा जो तो स्वतःलाच मध्यभागी समजणार. कोणत्याही निरीक्षकाची जागा खास नाही, हे एडवर्ड मिल्नने 1930च्या दशकात तत्त्व म्हणून मांडलं; निकोलसची नाव तिथे पाच शतकं आधीच पोचली होती.

यावर आक्षेप ठरलेला: आइनस्टाइनला 1917 मध्ये समीकरणं सुटावीत म्हणून द्रव्य सारखं पसरलेलं हवं होतं, त्यात निकोलस कुठून आला? मान्य. पण आइनस्टाइनचं विश्व पाहा: आकारमान मर्यादित, कड नाही, कुठलाही बिंदू मधला नाही. ब्रूनो आणि पास्कल या विचारवंतांमार्फत गोलाची ती व्याख्या युरोपच्या अंगवळणी पडली होती. आइनस्टाइनने ती वाचलेली असण्याची गरजच नव्हती, असं मी ठामपणे म्हणतो.

या सारखेपणाचा खरा प्रतिस्पर्धी स्वीडनचा खगोलशास्त्रज्ञ शार्लिए. ताऱ्यांच्या समूहांचे समूह, त्यांचेही समूह, सरासरी कधी स्थिरावतच नाही, असं त्याचं विश्व. 1922 मध्ये फ्रान्झ सेलेतीने ते आइनस्टाइनसमोर ठेवलं. वस्तूचं जडत्व विश्वातल्या बाकी द्रव्यामुळे येतं, या माखच्या विचारात बसत नाही म्हणून आइनस्टाइनने नाकारलं. म्हणजे एका तत्त्वाला दुसऱ्या तत्त्वाचा टेकू, निरीक्षण नव्हेच.

निरीक्षण आलं 1965 मध्ये: सगळ्या दिशांनी येणारं वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं; त्यातले चढउतार लाखात एक इतकेच, हे पुढे मोजलं गेलं. शार्लिए मागे पडला, पण निकालात निघाला नाही. सारखेपणा साधारण 30 कोटी प्रकाशवर्षांपुढे सुरू होतो असं मानतात, आणि 2017 मध्ये पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह 60 कोटी प्रकाशवर्षं पसरलेला आहे. अशा एका लांब साखळीने सरासरी मोडत नाही, हे खरं. किती साखळ्यांनी मोडेल, यावर वाद चालू आहे.