वारशाचे राखणदार आणि त्यांचा परस्पराधार : ठाणे जिल्ह्यातील वारली परंपरेच्या संदर्भात

१

संग्रहालयांच्या व्यवहारात वस्तू जमविणारा तो संग्राहक, तिची देखभाल व मांडणी करणारा तो अभिरक्षक आणि तिच्याविषयी सांगणारा तो माहितगार, अशी विभागणी रूढ आहे. पहिल्या दोघांना पद, वेतन आणि नाव असते. माहितगाराच्या वाट्याला मात्र बहुधा त्याच्या जमातीचे किंवा गावाचे नाव तेवढे येते. वस्तुतः ज्ञान त्याचे असते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या राखण्याचे श्रमही त्याचेच असतात. संस्थेने ज्याला कार्यकर्ता म्हणून ओळखले नाही, त्याने आपले कार्य कोणाच्या आधाराने चालविले, हा प्रश्न सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाचा होय.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १९८४ साली न्यूयॉर्क येथे ‘ते माओरी’ हे प्रदर्शन भरले, तेव्हा न्यूझीलंडमधील माओरी वडीलधारी मंडळी त्या वस्तूंसमवेत गेली आणि प्रदर्शनाचा आरंभ त्यांच्या विधींनी झाला. ब्रिटनमध्ये २०१४ साली संग्रहालयांतून काम करणाऱ्या गौरेतर कर्मचाऱ्यांनी ‘म्युझियम डिटॉक्स’ या नावाने आपले परस्परसाह्याचे मंडळ उभारले. ठाणे जिल्ह्यात असे मंडळ त्या नावाने आढळत नाही. परंतु त्या मंडळाचे कार्य वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या संघटनांनी केलेले दिसते.

२

ठाणे शहरातील वर्तकनगरापासून येऊरचा डोंगर जवळ आहे. त्या डोंगरातील पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. तेथून उत्तरेस डहाणू-तलासरीपर्यंतचा मुलूख २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत होता; त्या वर्षी १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

वारली विवाहात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात व त्यात पालघट देवीची स्थापना करतात. हे रेखाटन सुवासिनींकडे असते, आणि विवाहविधी चालविणारी स्त्री ‘धवलेरी’ म्हणून ओळखली जाते. या संज्ञेकडे भाषाभ्यासकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. धवळ म्हणजे विवाहगीत. महानुभाव परंपरेतील महदंबेचे ‘धवळे’ मराठीच्या आद्य काव्यरचनांत गणले जातात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जो शब्द तेराव्या शतकातील एका रचनेचे नाव म्हणून उरला, तोच वारली समाजात एका जिवंत अधिकारपदाच्या नावात नांदत आहे. या पदाला कोणत्याही संस्थेची नेमणूक नव्हती. गाणारी आणि रेखाटणारी स्त्री दुसऱ्या स्त्रीच्या सहवासातच ते ज्ञान मिळवीत असे. परस्पराधाराचे हे सर्वांत जुने रूप म्हणावे लागेल.

हा चौक ज्या मंगलप्रसंगी काढला जाई, त्याच प्रसंगाला दास्याची एक साखळीही जोडलेली होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावे आणि ते फेडण्यासाठी पतिपत्नींनी त्याच्याकडे राबावे, या पद्धतीस ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास काही वारली उपस्थित राहिले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी यांविरुद्धचा लढा त्यानंतर पेटला. त्याच वर्षी मुंबईत के. जे. सावे यांचा वारली समाजावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी ग्रंथात वारली हा वर्णनाचा विषय होता आणि सभेत तो स्वतः वक्ता झाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सभेत चौकाची चर्चा झाली नसेल. तथापि ज्या घरात तो काढला जाई, ते घर ऋणमुक्त करण्याचा प्रश्न तेथूनच ऐरणीवर आला. राखणदाराच्या पोटापाण्याचा विचार वारशाच्या विचारातून वगळता येत नाही, हा या घटनाक्रमाचा बोध होय.

३

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. ‘वारली’ या जमातवाचक नावाच्या जागी प्रथमच एका चित्रकाराचे व्यक्तिनाम आले, ही त्यांची ऐतिहासिक कामगिरी आहे. मात्र कागदाबरोबर बाजार आला, आणि भिंतीवर एकत्र बसून काम करणाऱ्या स्त्रियांची नावे या नव्या कीर्तीत फारशी उमटली नाहीत. विधीबाहेर आलेले चित्र कोणीही कापडावर छापावे व विकावे, अशीही स्थिती झाली.

या स्थितीस एकट्या कलावंताने तोंड देणे शक्य नव्हते. आदिवासी युवा सेवा संघाच्या पुढाकाराने २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. या नोंदणीचे वैशिष्ट्य असे की, तीमधून मिळणारे संरक्षण एका कर्त्याचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकसमूहाचे असते. पाड्यावर जे ज्ञान सामूहिक होते, त्याला कायद्यानेही सामूहिक मानले.

४

संस्थांच्या आतही काही बदल झाला. पुण्यात १९६२ साली आदिवासी संशोधन संस्था स्थापन झाली व तिच्याशी वस्तुसंग्रहालय जोडले गेले. जुन्नर तालुक्यातील महादेव कोळी कुटुंबात जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुढे या संस्थेचे संचालक झाले. ज्या समाजांच्या वस्तू कपाटात होत्या, त्यांपैकीच एका समाजातील अभ्यासक संस्थेच्या प्रमुखपदी आला. परंतु एका व्यक्तीची नेमणूक म्हणजे परस्पराधार नव्हे. त्यासाठी समव्यवसायी मंडळींची भेट आवश्यक असते. अशी भेट साहित्यसंमेलनांनी घडविली. पहिले आदिवासी साहित्य संमेलन १९७९ साली भद्रावती येथे भरले, आणि १९९० साली पालघर येथील संमेलनाचे अध्यक्षपद भिल्ल समाजातील कवी वाहरू सोनवणे यांनी भूषविले. भिल्ल कवी वारल्यांच्या मुलखात अध्यक्ष होतो, तेव्हा जमातींच्या सीमा ओलांडणारे एक नाते निर्माण झालेले असते.

दलित चळवळीतील एक उदाहरण येथे तुलनेस घेता येईल. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या आठवणी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात संकलित केल्या. विचारणाऱ्या व सांगणाऱ्या एकाच चळवळीतील होत्या. सांगणाऱ्या स्त्रियांची नावे ग्रंथात नमूद झाली; त्या ‘माहितगार’ राहिल्या नाहीत, इतिहासाच्या कर्त्या ठरल्या.

५

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. वारशाच्या राखणदाराला त्याचे स्थान संस्थांनी आपण होऊन दिलेले क्वचितच दिसते. समान स्थितीतील माणसे एकत्र आली, तेव्हाच ते त्याला मिळाले. किसान सभा, संमेलन, नोंदणीसाठी झटणारा संघ आणि दोन संशोधक स्त्रियांची सोबत ही या एकत्र येण्याची भिन्न रूपे आहेत. धवलेरीचा प्रश्न मात्र अद्याप उरतो. चित्राला नोंदणी मिळाली. त्या चित्राभोवतीच्या गीताची आणि ते गाणारीची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, याचा विचार संग्रहालयांना करावा लागेल. तो करताना माहितगार हा शब्द नोंदपत्रकातून वगळून त्या जागी नाव आणि पद लिहिले, तरी आरंभ योग्य दिशेने होईल.